प्रस्तरारोहण

प्रस्तरारोहण : उभ्या किंवा तीव्र उताराच्या खडकावर हात, पाय व शरीराचा तोल यांच्या साहाय्याने पद्धतशीरपणे चढण्याची कला व क्रीडा. खडकाच्या या चढाईत दोर, खिळे, कड्या इ. साधने वापरली जातात. परंतु मुक्त आरोहणाच्या प्रकारात त्यांचा उपयोग वर चढण्यासाठी नसून पडल्यास सावरले जाण्यासाठी असतो. साधनांवरच भार देऊन वर सरकण्याच्या प्रकारास साहाय्यित आरोहण असे म्हणतात. दोराशिवाय कमी उंचीच्या सुट्या शिळांवर केल्या जाणाऱ्या चढाईस बोल्डरिंग, तर आधीच पक्के बोल्ट बसविलेल्या मार्गावरील अथवा कृत्रिम भिंतीवरील चढाईस क्रीडा-आरोहण ही संज्ञा आहे. प्रस्तरारोहण हे गिर्यारोहणाचे एक अंग असले, तरी विसाव्या शतकात त्यास स्वतंत्र क्रीडेचे स्वरूप प्राप्त झाले.

इतिहास : शिकार, मध गोळा करणे, गुरे राखणे व युद्ध या निमित्तांनी मनुष्य प्राचीन काळापासून कडे चढत आला आहे. महाराष्ट्रात १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी रात्री कडा चढून सिंहगडावर केलेला हल्ला सर्वपरिचित आहे. त्याच्याशी जोडली गेलेली घोरपडीची कथा, तसेच रायगडावरील हिरकणीची कथा या आख्यायिका होत. मात्र कड्यांचा सराव असलेली माणसे या प्रदेशात होती, ही गोष्ट त्यांतून सूचित होते. केवळ चढण्याच्या आनंदासाठी खडक चढण्याची प्रथा यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील नेप्स नीडल हा सुळका डब्ल्यू. पी. हॅस्केट स्मिथ यांनी १८८६ मध्ये एकट्याने चढला. ब्रिटनमध्ये या क्रीडेचा आरंभ या चढाईपासून झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची स्थापना १९३२ मध्ये फ्रान्समधील शामॉनी येथे झाली. साधनांच्या सुरक्षिततेची मानके ठरविण्याचे महत्त्वाचे कार्य या संस्थेने केले आहे.

भारतात दार्जिलिंग येथील हिमालयन मौंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) व उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ मौंटेनिअरिंग (१९६५) या संस्थांच्या अभ्यासक्रमांत प्रस्तरारोहणाचा अंतर्भाव आहे. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील गिर्यारोहण मंडळांनी सह्याद्रीतील कडे व सुळके यांवर या कलेची जोपासना केली. लोणावळ्याजवळील नागफणी, जीवधनजवळील वानरलिंगी ऊर्फ खडा पारशी, माहुलीजवळील वजीर, तैलबैलाच्या भिंती, लिंगाणा आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही त्यांची प्रसिद्ध क्षेत्रे होत. क्रीडा-आरोहणाचा समावेश ऑलिंपिक सामन्यांत प्रथम टोकिओ येथे (२०२१ मध्ये झालेले २०२० चे सामने) झाला. नवी मुंबई येथे २०१६ व २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धा भरल्या होत्या.

खडकाचे स्वरूप : कोणताही मार्ग चढण्यापूर्वी खडक ओळखणे आवश्यक असते. महाराष्ट्राचा मोठा भाग सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या दख्खन ट्रॅपने व्यापलेला आहे. हे थर जवळजवळ आडवे, एकावर एक पसरलेले असल्याने सह्याद्रीचे व सातमाळा–अजिंठा रांगेचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. घट्ट बेसाल्टाचा थर उभा कडा निर्माण करतो. वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला कुहरी बेसाल्ट लवकर झिजतो व तेथे उतार तयार होतो. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा तांबड्या मातकट खडकाचा पट्टा असतो. आरोहकाच्या दृष्टीने घट्ट थर भरवशाचा, कुहरी थर संशयास्पद व तांबडा पट्टा टाळण्याजोगा असतो. बेसाल्ट थंड होताना पडलेल्या उभ्या भेगांमुळे घट्ट थरातही सुटे ठोकळे आढळतात. वरून अखंड दिसणारा ठोकळा मागून पूर्णपणे सुटलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक पकडीवर भार देण्यापूर्वी ती तळहाताने किंवा हातोडीने ठोकून पाहावी. भक्कम खडकाचा नाद टणक, तर सुट्या खडकाचा पोकळ येतो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील दोन प्रसिद्ध वास्तू या खडकाचा स्वभाव समजण्यास उपयुक्त आहेत. वेरूळचे कैलास लेणे कड्याच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले आहे. घट्ट बेसाल्टाच्या भक्कमपणाचा हा पुरावा होय. देवगिरी ऊर्फ दौलताबाद किल्ल्याचे उदाहरण प्रस्तरारोहणाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथे शंक्वाकृती टेकडीचा खालचा भाग सभोवार तासून सु. ५० मी. उंचीची उभी भिंत करण्यात आली व तिच्या पायथ्याशी खडकातच खंदक खोदण्यात आला. वर जाण्यास खंदकावरील पूल व त्यापलीकडील अंधारी हा भुयारी मार्ग एवढीच वाट राहिली. निसर्गतः कड्यावर जे कंगोरे, भेगा, टप्पे व उतार असतात, ते सर्व येथे हेतुपूर्वक नाहीसे केले आहेत. चढणाऱ्यास कशाची गरज असते, हे या कड्यावर जे नाही त्यावरून ध्यानात येते. मात्र देवगिरी, वेरूळ व अजिंठा ही संरक्षित स्मारके असून १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमानुसार त्यांना इजा पोहोचविणे हा गुन्हा आहे. त्यांच्या कड्यांचे निरीक्षण करावे. त्यांवर सराव करू नये.

पारिभाषिक संज्ञा : खडकावरील ज्या जागी हात किंवा पाय ठेवता येतो तीस होल्ड किंवा पकड म्हणतात. बोटे आत वळवून धरता येतील अशी खोल पकड सर्वांत सुखावह असते. केवळ बोटांची पेरे टेकतील एवढा कंगोरा असल्यास त्यावर दीर्घकाळ लोंबकळणे अशक्य होते. खालच्या बाजूने तळहात वर करून धरावयाच्या पकडीस उलटी पकड, तर बाजूने ओढावयाच्या पकडीस आडपकड म्हणतात. हात-बोटे मावतील अशा चिरेस भेग, संपूर्ण शरीर आत शिरेल अशा रुंद भेगेस चिमणी, पुस्तकाच्या दोन उघड्या पानांप्रमाणे मिळणाऱ्या भिंतींच्या कोपऱ्यास कोन आणि उभ्या पातळीच्या बाहेर झुकलेल्या भागास ओव्हरहँग असे म्हणतात. उभे राहता येईल एवढ्या सपाट जागेस टप्पा व दोन टप्प्यांमधील, एका दोराच्या लांबीत होणाऱ्या चढाईस पिच ही संज्ञा आहे. वर न जाता आडवे सरकण्यास ट्रॅव्हर्स म्हणतात. मोकळ्या मुरमाच्या उतारास सह्याद्रीतील आरोहक घसारा म्हणतात. कड्यापेक्षा घसाऱ्यावरच नवशिक्याची अधिक फसगत होते, कारण तेथे तो दोर बांधण्याची तसदी घेत नाही.

चढाईची तंत्रे : दोन हात व दोन पाय या चार आधारांपैकी एका वेळी एकच हलवावयाचा व उरलेले तीन खडकावर स्थिर ठेवावयाचे, हा त्रिबिंदू नियम प्रारंभिक शिक्षणाचा पाया होय. शरीराचा भार पायांवर व तोल हातांवर, हे दुसरे तत्त्व. मांडीचे स्नायू दंडाच्या स्नायूंपेक्षा पुष्कळच बळकट असतात. नवशिका भीतीने खडकाला छाती चिकटवितो व हातांनी स्वतःस वर ओढू लागतो. त्यामुळे त्याला पाय दिसत नाहीत, पावलावरील दाब कमी होऊन ते घसरते आणि काही मिनिटांतच बाहूंना गोळे येतात. उताराच्या कातळावर कंबर खडकापासून थोडी दूर, टाचा खाली व दृष्टी पावलांकडे असावी. शरीराचा भार सरळ पावलांवर पडून घर्षण वाढते. पूर्ण उभ्या भिंतीवर मात्र कंबर भिंतीजवळ आणावी लागते, अन्यथा सगळा भार बोटांवर येतो. पकड डोक्याच्या फार वर शोधू नये. लहान पावलांनी चढावे. गुडघा टेकण्याची सवय लागू देऊ नये, कारण गुडघ्यावरून पुन्हा उभे राहणे अवघड असते.

भेगेत हात घालून मूठ आवळली म्हणजे ती पाचरीसारखी अडकते. या तंत्रास जॅमिंग म्हणतात. कोनातील भेगेची कड हातांनी स्वतःकडे ओढून समोरच्या भिंतीवर पायांनी रेटा देत चढण्यास ले-बॅक म्हणतात. यात हात ओढतात व पाय ढकलतात. या परस्परविरोधी बलांमुळे शरीर स्थिर राहते, पण श्रम फार होतात. चिमणीत पाठ एका भिंतीस व पाय समोरच्या भिंतीस लावून आळीपाळीने सरकतात. छातीइतक्या उंचीच्या टप्प्यावर तळहातांनी दाब देऊन चढण्याच्या कृतीस मँटलिंग म्हणतात. ही सर्व तंत्रे जमिनीपासून एक-दोन मीटर उंचीवर, खाली मोकळी सपाट जागा असताना प्रथम आत्मसात करावीत. चढलेला भाग उतरून येण्याचा सरावही तितकाच करावा. जो उतरू शकतो त्यालाच योग्य वेळी माघार घेता येते.

साधने : आरोहणाचा दोर हे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. पूर्वी ताग, मनिला इ. वनस्पतिजन्य तंतूंचे दोर वापरीत. ते मोठ्या झटक्यास तुटत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर प्रचारात आले व १९५३ मध्ये जर्मनीत गाभा आणि त्यावर विणलेले आवरण अशा रचनेचा दोर तयार झाला. आजचे दोर याच रचनेचे असतात. एकेरी वापरावयाच्या दोराचा व्यास सामान्यतः ९ ते ११ मिमी. व लांबी ५० ते ७० मी. असते. आरोहणाचा दोर झटका बसताच ताणला जातो व पडणाऱ्याची गतिज ऊर्जा शोषून घेतो. उतरण्यासाठी किंवा बचावकार्यासाठी वापरला जाणारा न ताणणारा दोर दिसावयास तसाच असतो. परंतु आघाडीच्या आरोहकाने तो वापरल्यास पडण्याचा संपूर्ण धक्का शरीरावर व खिळ्यांवर येतो. बाजारात मिळणारा साधा नायलॉनचा दोर या दोहोंपैकी कोणत्याही कामाचा नव्हे. दोरावर पाय देणे, तो धारदार कडेवर घासू देणे, उन्हात दीर्घकाळ ठेवणे किंवा बॅटरीतील आम्लाशी त्याचा संपर्क येऊ देणे धोक्याचे असते. आम्लाने झालेली हानी डोळ्यांना दिसत नाही. नायलॉन उष्णतेने वितळत असल्याने एका स्थिर पट्ट्यावरून दुसरा दोर थेट सरकू देऊ नये. त्यांच्यामध्ये धातूची कडी असलीच पाहिजे.

हार्नेस हा कंबर व मांड्या यांभोवती बांधावयाचा पट्टा होय. केवळ कमरेस दोर बांधून लोंबकळल्यास श्वासोच्छ्वासात अडथळा येतो, म्हणून ती जुनी पद्धत आता त्याज्य मानतात. दोर हार्नेसला दुहेरी आठच्या गाठीने बांधतात. ही गाठ ओळखण्यास व तपासण्यास सोपी असल्याने नवशिक्यास प्रथम तीच शिकवितात. कॅराबिनर ही झडप असलेली धातूची कडी असून प्रमाणित कडीची लांबीच्या दिशेने बलधारणक्षमता किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सु. २,००० किग्रॅ. वजनाइतकी असते. झडप उघडी राहिल्यास अथवा भार आडवा पडल्यास ती सु. एक-तृतीयांशावर येते. म्हणून जीवरक्षणाच्या जोडणीत फिरकीचे कुलूप असलेली कडीच वापरावी व ते कुलूप लावल्याची खात्री करावी. स्लिंग म्हणजे आधारास गुंडाळावयाचे पट्ट्याचे वेढे. शिरस्त्राण पडणाऱ्या दगडांपासून व खडकावर आपटण्यापासून डोक्याचे रक्षण करते. खाली उभ्या असणाऱ्यानेही ते घालावे. आरोहणाचे बूट घट्ट, सपाट व चिकट रबरी तळाचे असतात. सरावासाठी प्रारंभी पातळ रबरी तळाचे साधे बूटही चालतात.

खडकात आधार निर्माण करणाऱ्या साधनांपैकी पिटॉन हा भेगेत ठोकावयाचा पोलादी खिळा होय. तो नीट बसत असल्यास हातोडीच्या प्रत्येक घावाबरोबर नाद उंच होत जातो; बद्द आवाज आल्यास त्यावर विसंबू नये. भेगेत अडकवावयाच्या धातूच्या पाचरीस चोक व कमानीच्या दाबाने भेगेत घट्ट बसणाऱ्या साधनास फ्रेंड म्हणतात. ही साधने खडकास इजा न करता काढून घेता येतात. भेग नसलेल्या जागी छिद्र पाडून बोल्ट बसवितात. सह्याद्रीतील दमट हवा व पाऊस यांमुळे जुने बोल्ट आतून गंजतात. अनोळखी बोल्टवर संपूर्ण विश्वास टाकू नये.

बिले व सुरक्षेची साखळी : चढणाऱ्याचा दोर दुसऱ्याने सांभाळण्याच्या क्रियेस बिले म्हणतात. दोर घर्षण निर्माण करणाऱ्या उपकरणातून जातो. त्यातून पुढे येणाऱ्या मोकळ्या टोकाकडील दोर धरणाऱ्या हातास रोधक हात म्हणतात. हा हात कोणत्याही क्षणी दोरावरून काढावयाचा नाही, हा बिलेचा अनुल्लंघ्य नियम होय. नवशिक्याने वरून अडकविलेल्या दोरावर चढावे. तीत दोर माथ्यावरील आधारातून खाली येतो व हात सुटल्यास आरोहक थोडाच खाली येऊन लोंबकळतो. आघाडीच्या आरोहकाची स्थिती वेगळी असते. तो शेवटच्या आधारापासून जेवढा वर गेला असेल त्याच्या दुप्पट अंतर पडतो.

पडण्याचा झटका केवळ अंतरावर अवलंबून नसतो. पडण्याचे अंतर भागिले त्या वेळी सोडलेल्या दोराची लांबी, या गुणोत्तरास पतनांक म्हणतात. बिलेच्या जागेपासून ५ मी. वर गेलेला आरोहक मध्ये एकही आधार न लावता पडल्यास १० मी. खाली येतो, पतनांक २ होतो व तो सर्वांत तीव्र असतो. त्यानेच ४ मी. उंचीवर एक आधार लावला असता, तर तो २ मी. पडला असता व पतनांक ०.४ झाला असता. यावरून टप्पा सोडताच पहिला आधार लवकर लावणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट होते. दोर ज्या वरच्या आधारावरून वळतो, त्यावर दोन्ही बाजूंचा ताण पडत असल्याने आरोहकास बसणाऱ्या झटक्याच्या सु. पावणेदोन पट बल येते.

बिलेचा मुख्य आधार एकाच खिळ्यावर कधीही अवलंबून ठेवू नये. परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन किंवा तीन बिंदूंवर भार विभागावा. दोन बिंदूंना जोडणाऱ्या पट्ट्यांमधील कोन ६०° पेक्षा कमी असावा. १२०° कोनात प्रत्येक बिंदूवर पूर्ण भार येतो, म्हणजे विभागणीचा लाभच उरत नाही. खडक, आधार, कडी, दोर, गाठ, हार्नेस व दोर सांभाळणारा मनुष्य हे एकाच साखळीचे दुवे असून तिचे बळ सर्वांत दुबळ्या दुव्याइतकेच असते. उत्तम दोर कुहरी बेसाल्टातील सैल खिळ्यास बांधल्याने भक्कम होत नाही. चढाईपूर्वी दोघांनी परस्परांच्या गाठी, बकले व कुलपे हात लावून तपासावीत. सूचनांचे शब्द थोडे, ठरलेले व वेगवेगळ्या ध्वनींचे असावेत. दगड सुटताच ‘दगड’ अशी मोठ्याने हाक द्यावी. ती ऐकताच वर न पाहता भिंतीलगत व्हावे.

अवरोहण : दोरावरून घर्षणाच्या साहाय्याने उतरण्यास रॅपलिंग म्हणतात. दोर शरीराभोवती गुंडाळून उतरण्याची जुनी पद्धत आता आणीबाणीपुरती उरली असून आठच्या आकाराचे किंवा नळीवजा उपकरण वापरतात. ही क्रिया सोपी वाटते. तथापि संपूर्ण भार सर्वकाळ एकाच दोरावर व एकाच आधारावर असल्याने तीत चुकीस जागा नसते. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारणे, टोके जमिनीपर्यंत किंवा पुढील टप्प्यापर्यंत पोहोचल्याची खात्री करणे आणि दोरावर आपोआप आवळणारी प्रुसिक गाठ बांधणे ही तीन पथ्ये पाळावीत. ही गाठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. उड्या मारीत वेगाने उतरल्यास आधारावर अनावश्यक झटके बसतात. माथा गाठल्यावर मन सैल होते व उतरताना दक्षता कमी पडते. पुष्कळ अपघातांचे मूळ यात असते.

काठिण्यश्रेणी : मार्गाची अवघडता दर्शविण्यासाठी निरनिराळ्या पद्धती आहेत. विली वेल्झेनबाख यांनी १९२० नंतरच्या दशकात मांडलेल्या सहा श्रेणींवर आंतरराष्ट्रीय महासंघाची रोमन अंकांची पद्धत आधारलेली आहे. अमेरिकेतील योसेमिटी पद्धतीत दोराने चढावयाच्या मार्गांना ५.० पासून ५.१५ पर्यंत अंक देतात. श्रेणी केवळ हालचालींची अवघडता सांगते. खडक सैल आहे किंवा आधार विरळ आहेत, हे तीवरून कळेलच असे नाही. सोप्या श्रेणीचा ठिसूळ मार्ग अवघड श्रेणीच्या भक्कम मार्गापेक्षा अधिक धोक्याचा असू शकतो.

ऋतू, धोके व शिक्षणक्रम : महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आरोहणास अनुकूल असतो. पावसाळ्यात बेसाल्टावर शेवाळ धरते व भेगांतील माती सुटते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी कातळ हात लावता येणार नाही इतका तापतो. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र सुवास व आरडाओरड यांनी माश्या खवळतात आणि दोरावर लोंबकळणाऱ्यास पळून जाण्यास वाव नसतो. म्हणून मोहोळ दिसल्यास मार्गच बदलावा. शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांजवळचे मार्गही विणीच्या काळात वर्ज्य मानावेत. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या व्यक्तीस त्वरेने खाली घेणे आवश्यक असते, कारण निश्चल लोंबकळल्याने रक्ताभिसरण बिघडून प्राणावर बेतू शकते. वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी. मार्गाची व परतीच्या वेळेची माहिती पायथ्याच्या गावात देऊन ठेवावी.

शिक्षणाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असावा : प्रथम कमी उंचीवर पायांच्या हालचाली, नंतर गाठी व बिले, मग वरून दोर घेऊन चढाई, त्यानंतर देखरेखीखाली अवरोहण, पुढे दुसऱ्या क्रमांकाने चढून आघाडीच्या आरोहकाने लावलेले आधार काढीत जाणे आणि सर्वांत शेवटी आघाडी. आधार काढताना ते कसे लावले होते, हे हातांना कळते. त्यामुळे हा टप्पा वगळू नये. अनुभवी शिक्षकाशिवाय केवळ वाचनावर ही कला शिकता येत नाही. कड्यावर बळापेक्षा विवेकाची कसोटी अधिक लागते; खडक संशयास्पद वाटताच परत फिरणे हा प्रस्तरारोहणाच्या शिक्षणाचाच भाग मानला जातो.